छळ होतोय की आपलीच चूक भोवतेय?

"ताई, मी प्रभू येशूवर विश्वास ठेवतो म्हणूनच हे चाललंय ना?" समुपदेशनाला येणारे बरेच जण हे विचारतात, आणि खरं सांगू का, विचारतानाच त्यांना 'हो' ऐकायचं असतं. इथल्याच, इंदूरच्या एकाची गोष्ट सांगते, ओळख पटू नये म्हणून थोडं इकडचं तिकडे केलंय.

हे भाऊ सांवेर रोडला एका गोडाऊनमध्ये स्टोअरकीपर. मेमो आला, इन्क्रिमेंट थांबलं, यांनी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये सगळ्यांसमोर, साक्ष दिली की माझा छळ होतोय, सगळ्यांनी प्रार्थनाही केली, तरी झोप लागेना म्हणून आले. म्हटलं मेमो दाखवा. त्यात धर्माचा ध पण नाही! महिनाअखेरचा स्टॉक न मोजता मागच्या महिन्याचेच आकडे रजिस्टरमध्ये उतरवले आणि सांगूनही कामाच्या ग्रुपवर रोज बायबलमधली वचनं टाकता, एवढंच. खरंय का? तर म्हणे खरंय, पण ताई, सुपरवायझर सगळ्यांसमोर काय बोलला माहितीये, "अब तेरा यीशु आके स्टॉक गिनेगा क्या?"

गुंता इथेच आहे. टोमणा जिव्हारी लागला आणि त्याच्याआड मेमो झाकला गेला.

बायबलमधल्या, येशूचा शिष्य पेत्र याच्या पहिल्या पत्राचा 4था अध्याय काढला. 15व्या वचनात खुनी, चोर यांच्याच रांगेत दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणाराही बसवलाय, असले होऊन दुःख भोगू नका म्हणतो, आणि ख्रिस्ती म्हणून सोसावं लागलं तर लाजू नका, हे पुढच्याच वचनात. हे पत्र ज्यांना लिहिलं त्यात बिथुनियाचे (आजच्या तुर्कस्तानातला भाग) लोकही होते, त्याच भागातून साधारण 112 साली प्लिनी या रोमन सुभेदाराने सम्राट त्राजानला विचारलं होतं की नुसतं ख्रिस्ती नाव पुरे की गुन्हाही हवा. तिथे नावापायी जीव जात होते हो! न मोजलेली खोकी त्यात बसवणं मला तरी पटत नाही.

मग एकच विचारलं, तुम्ही ख्रिस्ती नसता आणि हेच केलं असतं तर मेमो आला असता? थोडं घुटमळले, मग म्हणाले, "आला असता, पॅकिंगवाल्याला आलाच होता की." आणि टोमणा? "तो नसता आला."

झालं, दोन कागद केले. एकावर मेमोचं उत्तर, चूक कबूल, ग्रुपवर वचनं बंद, त्यात टोमण्याचा उल्लेखही नाही. दुसऱ्यावर टोमण्याची तक्रार, तारीख आणि कोणासमोर बोलला ते लिहून एचआरला. ते बिचकले, म्हणे ख्रिस्ती माणसाने तक्रार करावी का? अहो, प्रेषित पौलाने तर स्वतःवरच्या खटल्यात कैसराकडे, म्हणजे रोमन सम्राटाकडे, दाद मागितली, आणि त्याच दमात म्हणाला की मरणाची शिक्षा व्हावी असं काही केलं असेल तर मरायला माझी ना नाही (प्रेषितांची कृत्ये 25:11).

इन्क्रिमेंट काही मिळालं नाही. सुपरवायझरला समज दिली म्हणतात, तरी अधूनमधून बोलतोच, त्याची नोंद भाऊ ठेवतायत. आणि स्टॉक आता स्वतः मोजतात.