पलीकडून कोण बोलतंय?

(बेळगावच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये ज्यांची उभी नोकरी गेली त्या ऑपरेटर काकू या अंकात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देत आहेत.)

काकू, मोबाईलवर कोलंबियाच्या कोकेनवाल्यांची मालिका बघालोय. अमेरिकेचे एजंट गाडीत बसून कानाला हेडफोन लावत्यात आणि दोन दिवसांत टोळी पकडत्यात. एवढं सोपं असतंय काय? तुम्ही बोर्डावर बसलेल्या, खरं काय ते सांगा. (एक वाचक, निपाणी)

सोपं कुठलं असतंय! मालिकेत पहिल्याच भागात ऐकायला सुरुवात होते. खऱ्या तपासात ऐकणं जवळजवळ शेवटी येतं.

आमच्या बोर्डावर प्रत्येक ट्रंक कॉलचं, म्हणजे आम्ही जोडून दिलेल्या परगावच्या कॉलचं, तिकीट लिहावं लागायचं. कुठल्या नंबरवरून, कुठल्या नंबरला, किती वाजता जोडला, किती मिनिटं चालला. बोलण्यातला एक शब्दही त्यावर नसायचा. पण महिन्याभराची तिकिटं टेबलावर पसरली असती, तर निपाणीच्या कुठल्या वखारीचा मुंबईत कुणाशी व्यवहार आहे आणि कुणाच्या घरी लग्न जमतंय, हे न ऐकताच सांगता आलं असतं. अमेरिकेत हेच काम ‘पेन रजिस्टर’ करतं. डायल झालेले आकडे तेवढे ते टिपतं. हे आकडे तुम्ही स्वतःहून टेलिफोन कंपनीला देता, तेव्हा त्यात खासगी काही उरत नाही, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७९ साली स्मिथ विरुद्ध मेरीलँड या खटल्यात म्हटलं. १९८६ च्या कायद्यानंतर त्यालाही कोर्टाचा आदेश लागू लागला, पण तो मिळवायला फार झगडावं लागत नाही.

आकड्यांवरून जाळं दिसलं की पाळत सुरू होते. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात कोलंबियातल्या काली शहराच्या कोकेन टोळीचे गट काम करायचे, तिथे हे एजंट तासन् तास गाड्यांत बसून राहायचे. कोण कुठल्या पब्लिक फोनवर येतो, पेजर वाजल्यावर कोण धावतो, कुठल्या गॅरेजमध्ये कुठली गाडी शिरते, याची वही भरायची. रस्त्यावर टाकलेला कचरासुद्धा उपसायचा. कचरा बाहेर ठेवला की तो बघायला वॉरंट लागत नाही, असा १९८८ चा निकाल आहे. केळीच्या सालीत हात घालून फाटलेली बिलं जुळवणारा एजंट मालिकेत कुणी दाखवत नाही, कारण ते बघायला कोण थांबणार?

एवढं करून भागलं नाही तर टॅपचा अर्ज. १९६८ च्या कायद्यातला तिसरा भाग त्यासाठी आहे, तिथले पोलीस त्याला नुसतं ‘टायटल थ्री’ म्हणतात. बाकीचे उपाय करून पाहिले आणि ते का पुरले नाहीत, किंवा ते करण्यात जिवाला धोका का आहे, हे एजंटला शपथेवर लिहून द्यावं लागतं. जस्टिस डिपार्टमेंटच्या वरिष्ठ अधिकाऱ्याची मंजुरी लागते, मग न्यायाधीशाची सही. मुदत जास्तीत जास्त तीस दिवस. वाढवायची तर पुन्हा सगळं पहिल्यापासून लिहायचं.

आणि परवानगी मिळाली म्हणून कान लावून बसता येत नाही. संशयिताची बायको आईशी मुलाच्या तापाबद्दल बोलायला लागली की ऐकणाऱ्याने आवाज बंद करायचा आणि रेकॉर्डिंगही थांबवायचं. थोड्या वेळाने क्षणभर डोकावून बघायचं, विषय अजून तोच असेल तर पुन्हा बंद. आम्हालाही तोच नियम होता. दोन्हीकडचा आवाज पोचतोय एवढी खात्री झाली की बोर्डावरचा ऐकण्याचा खटका मागे घ्यायचा. खात्याच्या माणसाने चोरून ऐकलं किंवा ऐकलेलं बाहेर सांगितलं तर १८८५ च्या तार कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद होती. रात्रपाळीला आम्ही सगळ्याजणी सोवळ्यात असायचो असं काही मी म्हणणार नाही.

आमच्या सरांनी वर्गात सांगितलं की अमेरिकेत फोन ऐकायला न्यायाधीश परवानगी देतो, आपल्याकडे गृहसचिव. हा फरक का पडला? (कायद्याची विद्यार्थिनी, टिळकवाडी)

सरांनी बरोबर सांगितलंय. तिकडेही सुरुवातीला न्यायाधीश नव्हता. सिएटलचा रॉय ओल्मस्टेड दारूबंदीच्या काळात कॅनडातून दारू आणायचा. चोर्ला घाटातून काय काय येतं हे ज्यांना माहीत आहे त्यांना त्याचा धंदा समजावून सांगायला नको. सरकारी माणसांनी त्याच्या घराबाहेरच्या तारांना जोडणी केली. घरात पाऊल टाकलं नाही म्हणजे झडती झाली नाही, असं १९२८ साली न्यायालयाने म्हटलं आणि तो आत गेला. पुढे लॉस एंजेलिसमध्ये चार्ल्स कॅट्झ पब्लिक फोनच्या काचेच्या खोक्यातून मायामी आणि बोस्टनला जुगाराचे आकडे सांगायचा. एफबीआयने खोक्याच्या बाहेरून यंत्र चिकटवलं. १९६७ साली न्यायालयाने जुना निकाल फिरवला. दार लावून घेतलेल्या माणसाला आपलं बोलणं आपल्यापुरतं राहील असं समजण्याचा हक्क आहे, आणि राज्यघटना जागेला नाही तर माणसाला संरक्षण देते, असा त्याचा अर्थ. पुढच्याच वर्षी टायटल थ्री आला. म्हणजे कोकेनवाल्यांना मिळालेलं हे संरक्षण एका आकडेवाल्याच्या पुण्याईने आहे.

आपल्याकडे फोन ऐकायची मुभा तार कायद्याच्या कलम ५(२) ने दिली, आणि तो कायदा इंग्रजांनी सरकारच्या सोयीसाठी लिहिलेला. कर्नाटकाला याची झळ चांगलीच माहीत आहे. १९८८ साली फोन टॅपिंगच्या आरोपांवरून रामकृष्ण हेगडे यांना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. एक्स्चेंजमध्ये त्या दिवसांत जो येईल तो आमच्याकडे बघून गालात हसायचा, जणू तारा आम्हीच जोडून दिल्या होत्या! पुढे पीयूसीएल या नागरी हक्कांच्या संघटनेच्या याचिकेवर १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने नियम घालून दिले. आदेश गृहसचिवाचाच, पण लेखी आणि कारणासह. सध्याच्या नियमांत तो एका वेळी साठ दिवस चालतो, वाढवून एकूण एकशे ऐंशीच्या पुढे नाही, आणि त्यावर आढावा समिती असते. आता २०२३ चा दूरसंचार कायदा आणि २०२४ चे नियम आहेत, त्यांतही न्यायाधीश कुठे नाही.

परीक्षेत आणखी एक फरक लिही. तिकडे टायटल थ्री मोडून ऐकलेलं संभाषण पुराव्यातून बाद होतं. आपल्याकडे मलकानी खटल्यात, १९७२ साली, पुरावा कसा मिळवला यापेक्षा तो कामाचा आहे का याला वजन मिळालं. अलीकडे काही उच्च न्यायालयांनी नियम धुडकावून काढलेले टॅपचे आदेश रद्द केलेत, ते निकालही वाच. मला विचारशील तर ज्याला टोळी पकडायची घाई आहे त्याच्याच वरिष्ठाकडे परवानगीचा शिक्का असावा हे मला पटत नाही. सरांचं मत वेगळं असेल तर पेपरात त्यांचंच लिही.

टोळीवाले फोनवर ‘माल’ तर म्हणत नसणार. शर्ट, मासे, पाहुणे असलंच कायतरी बोलत असतील. मग कोर्टात सिद्ध कसं करत्यात? आणि रोज फोन बदलला तर काय करत्यात? (एक दुकानदार, संकेश्वर)

प्रश्न अगदी दुकानदाराचा आहे. आमच्याकडे मटक्याच्या ओपन-क्लोजच्या वेळेला मुंबईचे कॉल तुंबायचे. ‘पाहुणे पाच आले, दोन मुक्कामाला राहिले’ असं कानावर पडलं की शेजारची मैत्रीण पेन्सिलीने टेबलावर ५-२ लिहायची. पण आम्हाला कळणं वेगळं आणि कोर्टाला पटणं वेगळं. त्या माणसाकडे खरोखरच पाहुणे आले असतील तर?

म्हणून कानाला डोळ्याची जोड लागते. फोनवर कोणी म्हणालं, ‘दहा शर्ट चार वाजता पाठवतो’. चार वाजता पाळतीवरच्या एजंटला त्या घरातून जड पिशवी घेऊन माणूस निघताना दिसला. ती पिशवी पुढे कुठल्यातरी निमित्ताने अडवली आणि दहा किलो कोकेन निघालं. आता शर्टाचा अर्थ पिशवीनेच सांगितला. असं तीन-चारदा जुळलं की जूरीसमोर भाषातज्ज्ञ लागत नाही. अनुभवी एजंट साक्षीत शब्दांचे अर्थ सांगतात, पण साध्यासरळ वाक्याचेही हवे तसे अर्थ लावायला लागले तर बचावाचा वकील उठतो आणि न्यायाधीश बऱ्याचदा त्याचं ऐकतात.

ऐकणारा माणूस कोण, हेही बघावं लागतं. पुस्तकी स्पॅनिश शिकलेल्याला कोलंबियातल्या मेडेयिन शहराच्या गल्लीतलं बोलणं निम्मं कळत नाही. आपल्या भागात तर कॉल कन्नडमध्ये सुरू व्हायचा, भाव मराठीत ठरायचा, शिव्या कोंकणीत पडायच्या आणि निरोपाचा शब्द पुन्हा कन्नडमध्ये. बेंगळुरूहून किंवा पुण्याहून आणून बसवलेल्या माणसाने त्यातलं काय टिपलं असतं? तिथल्या कायद्यानेही ही अडचण मान्य केली आहे. त्या भाषेचा जाणकार लगेच हजर नसेल तर आधी सगळं रेकॉर्ड करून, गैरलागू भाग नंतर गाळायची मुभा आहे.

फोन बदलण्याचं म्हणाल तर कालीवाले ते सर्रास करायचे. पेजर, पब्लिक फोन, थोडे दिवस वापरून फेकलेले मोबाईल. एका गटाला दुसऱ्या गटाची माहितीच नसायची, सगळे धागे थेट कालीला. १९८६ पासून अमेरिकेत एका नंबराऐवजी माणसाच्या मागे फिरणारा टॅप मिळू लागला. पण मला विचाराल तर त्यांचं मोडलं ते मालकांच्या स्वभावाने. इतक्या लांबचा धंदा हाकायचा आणि विश्वास कुणावरच नाही, म्हणजे दर घटकेला फोन करून हिशेब विचारावा लागतोच. १९९६ च्या ‘झोरो टू’ मोहिमेत नव्वदहून जास्त टॅपमधली माहिती एकत्र जोडली आणि १५६ जण पकडले. त्या वेळेपर्यंत कालीचे रॉड्रिगेझ ओरेहुएला बंधू कोलंबियाच्या तुरुंगात होते. २००४-०५ मध्ये ते अमेरिकेच्या ताब्यात गेले आणि २००६ साली मायामीत गुन्हा कबूल करून तीस-तीस वर्षांची शिक्षा घेतली.

एक लक्षात घ्या, अमेरिकन न्यायाधीशाची सही कोलंबियाच्या राजधानीत, बोगोटात, चालत नाही. तिथलं ऐकणं तिथल्या पोलिसांनी, तिथल्या कायद्याने करायचं. १९९९ च्या ‘ऑपरेशन मिलेनियम’मध्ये कोकेनवाल्या आलेहांद्रो बर्नालच्या बोगोटातल्या ऑफिसात मायक्रोफोन लपवले होते. त्यात मेडेयिनच्या जुन्या टोळीतला फाबिओ ओचोआ सापडला. माझं नुसतं येणं-जाणं होतं, धंद्यात मी नव्हतो, असं त्याचं म्हणणं. २००३ साली मायामीच्या जूरीने ते मानलं नाही.

मेडेयिन टोळीचा म्होरक्या पाब्लो एस्कोबार, त्याचंही तसंच. २ डिसेंबर १९९३ ला तो मेडेयिनमधल्या लपलेल्या घरातून मुलाशी फोनवर बोलत होता. कोलंबियन पोलिसांच्या पथकाने लहरींची दिशा पकडत गल्ली गाठली, पण नेमकं घर यंत्राला सांगता येईना. खिडकीत फोन धरून उभा असलेला माणूस पथकातल्या अधिकाऱ्याच्या नजरेला पडला तेव्हा कुठे ते घर कळलं.

मला व्हिडिओ कॉल आला. नार्कोटिक्सचा अधिकारी म्हणाला, तुमच्या आधारवर परदेशातून ड्रग्जचं पार्सल आलंय, महिनाभर तुमचा फोन आम्ही ऐकतोय, कुणाला सांगाल तर अटक. पैसे ‘तपासणीसाठी’ पाठवा म्हणतो. मी एकटाच असतो घरी. काय करू? (एक ज्येष्ठ वाचक, खानापूर)

भाऊ, फोन ठेवा. पुन्हा आला तर उचलू नका.

वरचं सगळं वाचलंत ना? जो खरोखर ऐकतोय तो कधीही ‘मी ऐकतोय’ असं सांगत नाही, नाहीतर ऐकायला उरेल काय? अमेरिकेत टॅप संपल्यावर साधारण नव्वद दिवसांच्या आत संबंधिताला कळवतात, आपल्याकडे कळवतच नाहीत. व्हिडिओवर अटक करायची तरतूद आपल्या कुठल्याच कायद्यात नाही, आणि तपासणीसाठी तुमचे पैसे मागवायचा अधिकार कुठल्याही अधिकाऱ्याला नाही. ‘कुणाला सांगू नका’ म्हणाला ना, तेवढ्यासाठीच आधी सांगा. शेजाऱ्याला हाक मारा, मुलाला फोन लावा. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० वर तक्रार नोंदवा, जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम मध्येच थांबायची शक्यता जास्त. आलेला नंबर आणि मेसेज पुसू नका. आणि हे पत्र पाठवलंत ते फार बरं केलंत.

बोलताना फोनमध्ये कटकट आवाज येतो. टॅप झालाय काय? (कणकुंबी)

आजचं ऐकणं कंपनीच्या यंत्रातून होतं, त्याचा आवाज तुमच्यापर्यंत येत नाही. तारेचा फोन असेल तर कणकुंबीच्या पावसात जॉइंटमध्ये पाणी गेलंय. लाइनमनला सांगून जोड नवा करून घ्या, आणि तार कौलाला घासत नाही ना तेही त्याच वेळी बघायला सांगा.