हेक्झाकोनॅझोल मारूनही द्राक्षावरचा डाग का थांबत नाही?

प्रश्न (निफाड तालुका): गोडी छाटणीला (फळासाठी घेतली जाणारी छाटणी) 32 दिवस झाले. पानांवर पिवळसर तेलकट डाग आहेत, पानामागे पांढरी बुरशी. हेक्झाकोनॅझोल दोनदा मारले, तरी डाग वाढतातच. मात्रा वाढवू का?

उत्तर: मात्रा वाढवू नका. तुम्ही सांगता ती लक्षणे डाऊनीची (केवडा) आहेत आणि औषध भुरीचे (पानांवर पांढरी भुकटी आणणारा वेगळा रोग) आहे. भुरी ही खरी बुरशी. तिच्या पेशीच्या पडद्याला अर्गोस्टेरॉल लागते आणि हेक्झाकोनॅझोल नेमके तेच बनू देत नाही. डाऊनीला आपण सवयीने बुरशी म्हणतो, पण तिचे नाते शेवाळाशी जवळचे. पेशीची भिंत खऱ्या बुरशीसारखी कायटिनची नव्हे, मुख्यतः सेल्युलोज-ग्लुकनची, आणि अर्गोस्टेरॉल ती बनवतच नाही. कारखानाच नाही तिथे टाळे लावून काय होणार?

खात्रीसाठी संध्याकाळी डागांची चार पाने तोडा, ओल्या कागदासह प्लास्टिक पिशवीत बांधून रात्रभर अंधारात ठेवा. सकाळी डागाच्या बरोबर मागे कापसासारखी ताजी वाढ दिसली तर डाऊनीच.

ही वाढ म्हणजे पर्णरंध्रातून (पानावरच्या सूक्ष्म छिद्रांतून) बाहेर आलेल्या रोगाच्या बारीक फांद्या. त्यांच्या टोकांना लिंबाच्या आकाराच्या बीजाणूंच्या पिशव्या लागतात. त्यासाठी किमान चार तास अंधार आणि 95 टक्क्यांवर आर्द्रता हवी. पानावर दव किंवा पाऊस असला की पिशवी फुटते आणि दोन शेपट्यांचे बीजाणू पोहत पर्णरंध्राकडे जातात. तिथे शेपट्या टाकून गोल होतात, भिंत बांधतात, मग आत नळी सोडतात. पोहताना त्यांना भिंत नसते. मॅन्कोझेब या पानावर बसून राहणाऱ्या औषधाचा मार इथेच बसतो. रोग आत शिरल्यावर ते निरुपयोगी. पर्णरंध्रे पानाच्या खालच्या बाजूला असतात, म्हणून वरून भिजवलेली बाग भिजलेली धरू नका.

आता डायमेथोमॉर्फ 50 टक्के डब्ल्यूपी (पाण्यात मिसळायची भुकटी) 0.75 ग्रॅम अधिक मॅन्कोझेब 75 टक्के डब्ल्यूपी 2 ग्रॅम प्रति लिटर, पानाच्या खालून आणि घडावर बसेल असे फवारा. डायमेथोमॉर्फ ती सेल्युलोजची भिंतच नीट बांधू देत नाही. पुढच्या फवारणीला गट बदला, म्हणजे वेगळ्या पद्धतीने मारणारे औषध घ्या. मेटॅलॅक्झिल या डाऊनीच्याच दुसऱ्या औषधावर मात्र भिस्त नको, वारंवार वापराने डाऊनी त्याला दाद देईनाशी होते. माल निर्यातीचा असेल तर औषध घेण्याआधी चालू हंगामाच्या अनेक्श्चर-5 मधले (निर्यातीच्या द्राक्षांसाठीच्या औषधांची यादी) काढणीपूर्व अंतर, म्हणजे शेवटची फवारणी ते काढणी यातले दिवस, बघा.

जुना डाग हिरवा होणार नाही. तो तपकिरी वाळला आणि पिशवीत ठेवूनही मागे पांढरे आले नाही, म्हणजे औषध लागू पडले. घड फुलोऱ्यात आहेत, तेव्हा उद्यावर ढकलू नका.