जहागिरीचा पैसा खेळाडूंच्या खिशात जाऊ देऊ नका (हात पोळलेल्याचा सल्ला)

"नवव्या लेव्हलला पात्रांना किल्ला आणि गावं दिली, आता कुणी डंजनमध्ये उतरायलाच तयार नाही, देखभालखर्च किती वाढवू?" हे मीच कधीतरी लिहून विसरलो की काय, असं वाटलं तुमची पोस्ट वाचून. (नवख्यांसाठी: हा डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या, टेबलाभोवती बसून एकेक पात्र निभावायच्या खेळाचा प्रश्न. डंजन म्हणजे राक्षस आणि खजिना असलेली भुयारं-गुहा. आमच्याकडे खेळ चालवणारा मी.)

खर्च वाढवू नका. मी वाढवला होता, ते पुढे येतंच. किल्ला किती दिवसांत बांधून होतो, शिबंदी किती ठेवायची वगैरे तुम्ही बघितलेलं दिसतंय, ते सोडून देतो.

माझी चूक अशी. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या १९८४च्या कंपॅनियन नावाच्या नियमसंचातले जहागिरीचे नियम घेऊन मी त्यात स्वतःची भर घालत होतो. तिथे दर कुटुंबामागे महिन्याला एक सुवर्णनाणं कर असतो, जनावरं-शेती-खाणी यांचं उत्पन्न निराळं, आणि त्याशिवाय कुटुंबामागे दहा नाण्यांचं एक ठरलेलं उत्पन्न. हे दहा रोख नसतात. रयत जी सेवा देते तिची ती किंमत, हातात नाणं येत नाही. नेमकं एवढंच वाक्य माझ्या नजरेतून सुटलं. आमच्या जहागिरीत ६०० कुटुंबं. म्हणजे बाकीचं सोडा, नुसता कर ६०० व्हायचा तिथे मी महिन्याला ६,६०० नाणी रोख वाटत होतो. त्यात कराच्या उत्पन्नावर एक्सपीही (लेव्हल चढवणारे अनुभवाचे गुण) मिळतो, तो मी सगळ्या रकमेवर दिला. पात्रं गादीवर बसल्या बसल्या लेव्हल चढायला लागली.

तिसऱ्या की चौथ्या सेशनला एक जण म्हणाला, "या गुहेत फार तर दोन हजार नाणी असतील. त्यासाठी जीव कशाला घालवायचा? तीन महिने पुढे सरकू या." बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्या गुहेच्या नकाशावर माझे दोन आठवडे गेले होते!

मग मी सूड उगवल्यासारखे उपाय केले. देखभालखर्च वाढवला, त्यांनी कर वाढवला. ड्रॅगन पाठवला, त्यांनी भाडोत्री फौज उभी केली. शेवटी रयतेचं बंड उभं केलं तेव्हा एक खेळाडू शांतपणे म्हणाला, "मी तर तुझ्याच नियमांनी खेळत होतो," आणि पुढच्या वेळी आलाच नाही. बरोबर होतं त्याचं. दीड वर्षाचं कॅम्पेन, म्हणजे बैठकांमागून बैठका चाललेली आमची गोष्ट, तिथेच बसलं.

त्या काळात एका ओळखीच्या जाणत्या गृहस्थांनी सल्ला दिला होता, "नियम अजून वास्तववादी कर." मी ऐकलं. दुष्काळाचे तक्ते, पिकांची फेरपालट, पुलांचा जकातनाका, चौदा रकान्यांची एक्सेल शीट. तुमच्या पोस्टमधली शीट बघून म्हणूनच धडकी भरली. गळक्या पिंपाला रंग देत होतो मी.

भोक दोन ठिकाणी असतं, असं माझं मत. एक, जहागिरीची तिजोरी आणि पात्राचा बटवा एकच असणं. दोन, वेळ फुकट असणं.

पहिल्यावर जुन्या लोकांनी विचार केलेला आहे. १९९५च्या बर्थराइटमध्ये (याच खेळाचा, राजे होऊन खेळायचा संच) राज्यकारभाराचा हिशेब सोन्याच्या विटांत आणि राजसत्तेच्या गुणांत चालतो, आणि राज्याची एक पाळी, म्हणजे कारभाराची एक फेरी, तीन महिन्यांची असते. २०१०च्या किंगमेकरमध्ये (पाथफाइंडर या भावंड-खेळाची साहसमालिका) राज्याचं चलन म्हणजे बांधकामाचे गुण. एक गुण जमा करायला ४,००० नाणी घालावी लागतात, काढून घेताना मिळतात २,०००, वर प्रजेत अशांतता वाढते ती निराळी. ही खोट मुद्दाम ठेवलीय आणि मला ती फार आवडते. (तरी शहरात जादूच्या वस्तूंची दुकानं उभारून त्या वस्तू विकत राहायची पळवाट तिथेही लोकांनी शोधलीच.)

दुसऱ्यासाठी मी आता कॅलेंडर पार काढून टाकलंय. एक मोहीम पुरी करून परत आलात की जहागिरीची एक पाळी. घरी बसलात तर पाळी नाही, वसुलीही नाही. पाळीला तीन ते सहा गुण मिळतात आणि ते जहागिरीतच खर्च होतात: तटबंदी, पूल, हेर, शेजाऱ्याशी तह. बटव्यात काढायचे असतील तर रयतेची निष्ठा एका पायरीने खाली. पाळी वीस मिनिटांत उरकते. "हे खरं वाटत नाही" म्हणणारा एखादा भेटेल, भेटू द्या.

अर्थात आमचा गट चार जणांचा आणि डंजनवेडा. तुमच्याकडे खरोखर वहीखातं लिहिण्यात रमणारे असतील तर माझं काही मनावर घेऊ नका.

जाता जाता, किल्ला एकाच पात्राच्या नावावर केलाय का? तसं असेल तर बाकीचे त्याचे नोकर होऊन बसतात आणि पाळी चालू असताना फोन बघत राहतात. खजिना, फौज, हेर, देऊळ असं एकेक खातं एकेकाकडे द्या, आणि त्या खात्याचा अंतिम शब्द त्याचाच.

आत्तापर्यंत वाटलेला पैसा मात्र परत ओढू नका, भांडण होईल. सेशनच्या आधी सरळ सांगा की नियम चुकला, माझी चूक, आणि साठलेली नाणी त्यांच्याच पसंतीच्या एखाद्या मोठ्या बांधकामात वळवून घ्या. किती कुटुंबं धरलीत आणि आत्ता शिल्लक किती आहे ते लिहा, पाळीचे गुण किती ठेवायचे ते मिळून बघू.