पीएचपी, नोड की डॉटनेट?

प्रश्न : वेबसाइटसाठी सर्व्हरवर चालणारी पीएचपी ही प्रोग्रॅमिंग भाषा कालबाह्य झाली, असे सतत ऐकू येते. आमची संथ झालेली जुनी प्रणाली नोडवर (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या व्यवस्थेवर) नव्याने लिहावी का?

उत्तर : ही तक्रार पीएचपी ५ च्या काळातली आहे आणि तेव्हा तिच्यात तथ्यही होते. मात्र २०१५ मध्ये आलेल्या पीएचपी ७ ने वेगाचा प्रश्न बराचसा निकालात काढला, आणि विकिपीडिया ज्यावर चालतो ते मीडियाविकी किंवा संकेतस्थळे बनवण्याचे वर्डप्रेस ही सॉफ्टवेअर आजही याच भाषेवर उभी आहेत. तेव्हा आधी एखादे संथ पान घेऊन त्याचा वेळ नेमका कुठे जातो, ते मोजावे. शंभर ऑर्डरींची यादी दाखवताना प्रत्येक ऑर्डरमागे ग्राहकाचे नाव स्वतंत्र क्वेरीने (डेटाबेसला केलेल्या विचारणेने) आणले जात असेल, तर यादीची एक आणि नावांच्या शंभर अशा डेटाबेसकडे १०१ खेपा होतात. तोच कोड नोडमध्ये उतरवला तरी खेपा तेवढ्याच राहतील. जॉइन (दोन तक्ते जोडणारी क्वेरी) वापरून ही माहिती एकदम मागवली आणि योग्य स्तंभावर इंडेक्स (नोंदी पटकन शोधून देणारी सूची) लावला, तर बहुधा पुनर्लेखनाचा विषयच मागे पडेल. (पुनर्लेखनाचा उत्साह बहुतेकदा जुना कोड वाचण्याच्या कंटाळ्यातून येतो, असे माझे स्पष्ट मत आहे.)

प्रश्न : नोडमध्ये जावास्क्रिप्ट एकाच थ्रेडवर (एका वेळी एकच काम करणाऱ्या धाग्यावर) चालते, तर हजारो जोडण्या कशा पेलल्या जातात?

उत्तर : वेब सर्व्हरचा बराच वेळ डेटाबेसच्या किंवा नेटवर्कच्या उत्तराची वाट पाहण्यात जातो. २००९ मध्ये आलेल्या नोडने हा रिकामा वेळ इव्हेंट लूपद्वारे (ज्याचे उत्तर आले ते काम पुढे नेणाऱ्या चक्राद्वारे) इतर विनंत्यांसाठी वापरला, म्हणूनच चॅटसारख्या कामांना तो साजेसा ठरतो. मात्र त्याच थ्रेडवर एखादा मोठा अहवाल तयार करायला घेतला, तर तो पूर्ण होईपर्यंत बाकीचे सगळे खोळंबतात. असे काम वर्कर थ्रेडकडे (बाजूला चालणाऱ्या दुसऱ्या थ्रेडकडे) किंवा वेगळ्या प्रोसेसकडे (स्वतंत्रपणे चालणाऱ्या प्रोग्रॅमकडे) सोपवावे लागते. याउलट पीएचपी चालवणाऱ्या पीएचपी-एफपीएम या व्यवस्थेत प्रत्येक प्रोसेस एका वेळी एकच विनंती हाताळते, त्यामुळे एक विनंती रेंगाळली तरी मोकळ्या प्रोसेस शिल्लक असेपर्यंत इतरांचे अडत नाही.

प्रश्न : डॉटनेट या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅमिंग व्यवस्थेसाठी विंडोज सर्व्हर लागतोच ना?

उत्तर : नाही. २०१६ मधील डॉटनेट कोअर या आवृत्तीपासून ती अट राहिलेली नाही. लिनक्सवर ते व्यवस्थित चालते आणि मुक्त स्रोतही आहे. वेब फॉर्म्स या डॉटनेटच्या जुन्या पद्धतीवरील प्रणाली मात्र तशीच उचलून लिनक्सवर नेता येत नाही.