गाठ, वाढलेला सीए-१२५ आणि आत राहिलेली कॉपर-टी: कॅन्सरच असेल का?

तुम्ही लिहिलंय: मावशी ४६ वर्षांच्या, राहणार सिन्नर. डाव्या बाजूला ९ सेंमीची गाठ, सीए-१२५ (ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये वाढणारं रक्तातलं प्रथिन) १४८, वजन घटलेलं, बारा वर्षांपूर्वीची कॉपर-टी अजून आतच. नाशिकला ओव्हरीच्या (बीजकोशाच्या) कॅन्सरची शंका सांगितली. दुसरं काही असू शकतं का?

असू शकतं. पण या वयात अशी गाठ कॅन्सर धरूनच तपासतात, त्यात डॉक्टरांचं चुकलेलं नाही. ऑपरेशनची तारीख पुढे ढकलू नका.

माझी शंका कॉपर-टीवर आहे. ॲक्टिनोमायसिस नावाचा जिवाणू (नाव बुरशीसारखं, पण बुरशी नव्हे) तोंडात, आतड्यात एरवी गुपचूप असतो. जुन्या कॉपर-टीवर तो क्वचित गर्भाशयात ठाण मांडतो आणि अवयवांच्या हद्दी न जुमानता पसरतो. बीजकोश, आतडं, मूत्रवाहिनी मिळून लाकडासारखा टणक गोळा होतो. सीटीत तो कॅन्सरच वाटतो. सीए-१२५ तर पोटातलं अस्तर चिडलं की वाढतो, टीबीतही.

घोडं अडतं ते नमुन्यापाशी. सगळा तुकडा फॉर्मेलिनमध्ये (तुकडा टिकवणारं रसायन) टाकला की जिवाणू मेले, कल्चर (जिवाणू लॅबमध्ये वाढवून ओळखणं) संपलं. म्हणून सर्जनना आधीच विचारा: एक तुकडा फॉर्मेलिनमध्ये, दुसरा निर्जंतुक डबीत थोड्या सलाइनसह, आणि पू निघालाच तर हवा काढून टोपण लावलेल्या सिरिंजमध्ये. फ्रिजमध्ये नको, लगेच लॅबला. चिठ्ठीवर ‘कॉपर-टी होती, ॲक्टिनोमायसिसची शंका, ॲनारोबिक कल्चर १४ दिवस ठेवा’ हे लिहायलाच हवं (ॲनारोबिक म्हणजे हवेशिवाय वाढवणं). नाहीतर दोन दिवसांत ‘वाढ नाही’ म्हणून रिपोर्ट येतो. आधी अँटिबायोटिक झालं असेल तरी कल्चर बहुतेकदा कोरंच येतं. तेव्हा भिस्त पॅथॉलॉजिस्टवर: पुवातले रव्याएवढे पिवळे कण, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यात फांद्या फुटलेले ग्राम-पॉझिटिव्ह (ग्राम रंगात जांभळे दिसणारे) तंतू. टीबीसाठी सीबीनॅट ही जनुकीय तपासणीही त्याच वेळी करून घ्या.

निदान ठरलं तर कॉपर-टी काढतात, पेनिसिलिन शिरेतून २ ते ६ आठवडे, मग अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या ६ ते १२ महिने. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर डॉक्सिसायक्लिन. पोटाच्या इन्फेक्शनला सर्रास दिलं जाणारं मेट्रोनिडाझोल एकटं इथे निरुपयोगी. महिन्याभरात बरं वाटतं, गोळ्या सुटतात आणि गाठ परत येते. फसगत होते ती इथेच.

काढलेली कॉपर-टी बादलीत जाऊ देऊ नका, तीही कल्चरला पाठवता येते.