हेडलाइट बदलू नका, आधी भिंतीवर फोकस बघा

तुम्ही विचारलंय की नेपाळ, चीन, मध्य आशिया करत लंडनपर्यंत स्वतःची गाडी न्यायची, तर हेडलाइटचं काय करायचं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या दुकानदाराने डाव्या स्टिअरिंगच्या गाडीचे अख्खे दिवे बसवून घ्या म्हणून सांगितलं, आणि इथे दोघातिघांनी ‘काही करू नका, कोण बघतंय’ असं लिहिलंय. मला दोन्ही सल्ले पटत नाहीत, दुसरा तर अजिबातच नाही.

आपल्या गाडीचा डिपर, म्हणजे खाली झुकलेला उजेड, दोन्ही बाजूंना सारखा पडत नाही. रात्री सोसायटीच्या पार्किंगमध्ये सपाट जागा बघून गाडी भिंतीपासून सात-आठ मीटरवर उभी करा आणि डिपर लावा. उजेडाची वरची कड उजवीकडे आडवी, सरळ दिसेल. मधोमध आली की डावीकडे ती साधारण १५ अंशांनी वर चढत जाईल. रस्त्याच्या डाव्या कडेने चालणारा माणूस, सायकलवाला, पाट्या लांबून दिसाव्यात म्हणून ती चढती फाक असते. समोरून येणारा आपल्या उजव्या हाताला असतो, म्हणून तिकडचा उजेड दाबलेला.

नेपाळपर्यंत वाहतूक डावीकडूनच आहे, तिथे काहीच करायला नको. तिबेटात शिरलात की उजवीकडून चालवायचं, आणि तिथून ती फाक थेट समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत जाते. शिवाय आता जी कड तुमच्या बाजूची, ती उजवी कड अंधारात. मुंबई-गोवा रस्त्यावर दुभाजक नसलेल्या पट्ट्यात समोरच्याचा फोकस बिघडलेला असला की दोन-तीन सेकंद आपल्याला काहीच दिसत नाही, हे आपण सगळ्यांनी भोगलंय. परक्या मुलखात रात्रभर प्रत्येक समोरच्याला आपण तेच द्यायचं का? पोलीस बघो न बघो, हे करायलाच हवं.

आता अख्खे दिवे का बदलू नयेत ते. ब्रिटनमध्ये पुन्हा डावीकडून चालवायचं असतं, म्हणजे लंडनला पोचताना तुमचे मूळचेच दिवे बरोबर ठरतात. परत आल्यावर मुंबईतही तेच लागणार. मधल्या टप्प्यासाठी एवढा खर्च आणि वायरिंगशी खेळ कशाला?

आधी तुमचे दिवे कोणत्या जातीचे आहेत ते बघा. काचेवर गोलात E आणि आकडा असेल तर जवळ बाण शोधा. दिव्याकडे तोंड करून उभं राहिल्यावर बाणाचं टोक तुमच्या उजवीकडे असेल, तर दिवा फक्त डाव्या बाजूच्या वाहतुकीसाठी आहे. दोन्ही टोकांना बाण असेल तर तो दोन्हीकडे चालतो, फक्त आत खटका किंवा सेटिंग असतं. ते मॅन्युअलमध्ये सापडेल. हल्लीच्या बऱ्याच एलईडी गाड्यांत स्क्रीनवरच्या मेनूत डावी-उजवी वाहतूक निवडता येते, काहींत सर्व्हिस सेंटरला करून घ्यावं लागतं. ही सोय असेल तर तुमचं काम तिथेच संपलं.

साधा हॅलोजन बल्ब आणि त्यामागे आरशासारखी चकचकीत वाटी, म्हणजे रिफ्लेक्टर असेल तर काचेवर पट्टी लावायची. ब्रिटनहून फेरीने फ्रान्सला जाणाऱ्यांसाठी डोव्हरसारख्या बंदरांवर तयार स्टिकर विकतात. त्यांचे दिवेही आपल्यासारखेच डाव्या वाहतुकीचे, त्यामुळे तेच आपल्याला चालतात, पण ते इथूनच मागवून न्या, कारण तुम्हाला डोव्हर लागणार शेवटी. पाकिटातल्या चित्रांत तुमचं भारतीय मॉडेल बहुधा नसेल. मग भिंतच कामाला येते. एक दिवा कापडाने झाका. दुसऱ्याच्या काचेसमोर पत्त्याएवढा पुठ्ठा धरून हळूहळू सरकवा आणि एकाला भिंतीकडे बघायला सांगा. ज्या जागी पुठ्ठा आल्यावर ती चढती फाक विझते आणि खालचा उजेड राहतो, ती जागा मार्करने आखा. तेवढ्यावरच काळी पट्टी. मग दुसरा दिवा. दोन्हींची जागा सारखीच असेल असं धरून चालू नका. पट्टीने उजेड कमी होतो, त्यामुळे डिपरवर वेग कमीच ठेवा.

प्रोजेक्टरला, म्हणजे पुढे गोल भिंग असलेल्या दिव्याला, ही युक्ती चालत नाही. तिथे कड आतल्या पत्र्याने कापलेली असते आणि तिचा प्रत्येक बिंदू सगळ्या भिंगातून बाहेर येतो. बाहेर पट्टी लावली तर सगळाच उजेड मंदावतो, फाक राहतेच. आत खटका नसेल तर डॅशबोर्डवरच्या लेव्हलच्या चाकाने फोकस खाली घ्या आणि रात्रीचा प्रवास टाळा. तसंही मागे सामान भरल्यावर गाडीचं नाक वर होतं, तेव्हा भिंतीवरची ही तपासणी पूर्ण सामान भरूनच करा. अप्पर, म्हणजे लांबवर जाणारा उजेड, दोन्ही बाजूंना सारखाच असतो, त्याला हात लावायची गरज नाही. फक्त समोरून कोणी दिसलं की लगेच डिपर.

दुकानदार हॅलोजनच्या जागी एलईडी बल्ब सुचवेल, तो नको. रिफ्लेक्टर फिलामेंटच्या जागेप्रमाणे घडवलेला असतो, दुसरा बल्ब घातला की कडच विस्कटते.

स्वीडनने ३ सप्टेंबर १९६७ ला वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली, तेव्हा देशभरातल्या गाड्यांचे हेडलाइट बदलावे लागले. त्या काळी बहुतेक गाड्यांना एकाच मापाचे गोल, स्वस्त दिवे होते म्हणून ते निभावलं.

पट्टी प्लॅस्टिकच्या काचेवर महिनोन्‌महिने ठेवू नका, हॅलोजनच्या उष्णतेने गोंद भाजून बसतो. काढताना कोमट साबणाचं पाणी वापरा. थिनर किंवा पेट्रोल लावलंत तर काच कायमची धुरकट होईल. फ्रान्सच्या कॅले बंदराहून ब्रिटनच्या फेरीत चढायच्या आधीच ती काढून टाका, पलीकडे उतरल्या उतरल्या डावी बाजू सुरू होते.

गाडीचं मॉडेल, साल आणि भिंतीवरच्या उजेडाचा फोटो इथे टाका. पट्टी लागेल की खटका असेल, ते बघून सांगतो.