गाडीच्या टाकीला पडलेला पोचा हवा भरून निघतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : २०१४ ची स्प्लेंडर डाव्या अंगावर पडली, हँडलचा मार बसून टाकीला लिंबाएवढा पोचा आला, आणि गॅरेजवाला म्हणतोय की कॉम्प्रेसरची हवा मारली की तो आपोआप बाहेर येईल. मारू द्यावी का?

नका देऊ. हवा टायरमध्येच भरायला सांगा त्याला.

हिशोब करून बघा. समजा १५ पीएसआयने हवा मारली. हे म्हणजे आपल्या टायरमधल्या दाबाच्या साधारण निम्मा, दर चौरस सेंटिमीटरला जवळपास १ किलोचा जोर. टाकीची एक बाजू २० बाय ४० सेंटिमीटर धरली तर झाले ८०० किलो. टाकी म्हणजे काही गॅसचा सिलिंडर नव्हे, पत्रा जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास. त्यात पोच्याची कड मार खाऊन कडक झालेली असते, ती हलतच नाही. तिच्याआधी शेजारचा सपाट पत्रा फुगतो, नाहीतर खालची शिवण उघडते. पोचा जागच्या जागी आणि टाकी पुरीसारखी टम्म.

हेअर ड्रायरने तापवून वर गार स्प्रे मारायचा व्हिडिओही तुम्ही पाहिला असेल. तो प्रकार मोटारीच्या मोठ्या, सपाट बॉनेटवर एखाद्या वेळी चालतो. टाकीचा पत्रा दोन्ही अंगांनी वळलेला असतो, तिथे नाही.

तांब्याच्या हंड्याला पोचा आला तर तांबट आतून ठोकून काढतो. टाकीची अडचण ही की आत हात जात नाही. झाकणाचं तोंड लहान, आणि खालून फ्रेम बसायला बोगदा असतो, त्यामुळे वाकडी सळई घातली तरी ती नेमक्या जागी पोचेलच असं नाही. म्हणून ओढायचं ते बाहेरूनच.

त्याआधी पोचा नीट बघा. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली गाडी लावा आणि टाकीवर पडलेल्या ट्यूबच्या प्रतिबिंबाकडे बघत बाजूला सरका. रेघ पोच्यावर हळूच वाकून पुन्हा सरळ झाली तर पोचा मऊ आहे. रेघ मोडली, तुटली, तर पत्र्याला घडी पडली आहे. मऊ पोचा आणि कंपनीचा मूळ रंग असेल तर गरम गोंदाने प्लॅस्टिकची टिकली चिकटवून ओढणारे कारागीर मिळतात, रंगाला धक्का लागत नाही. टाकी आधी एकदा रंगवलेली असेल तर मात्र टिकलीबरोबर रंगाचा पापुद्रा हातात येतो.

माझ्या टाकीला घडीच पडली होती. साताऱ्याहून यवतेश्वरच्या घाटाने कासला निघालो होतो, पावसाळ्याचे दिवस, एका वळणावर शेवाळ. गाडी उजव्या अंगावर गेली. मी उठलो, कपडे झटकले, टाकी बघितली आणि तेव्हा कुठे गुडघा दुखायला लागला.

साताऱ्यात गोडोलीकडे एक वयस्कर डेंटर होते, त्यांना सगळे मामाच म्हणत. मी शहाणपणाने टाकी रिकामी करून घेऊन गेलो आणि तसं सांगितलंही. मामा गॅसची बत्ती विझवून म्हणाले, ‘‘रिकामी हाय म्हनूनच भ्या वाटतंय. तिकडं लांब ठेव आधी.’’ खरंच आहे ते. पेट्रोल ओतून टाकलं तरी वाफ आत राहते, आणि हवेत ती शेकडा दीड ते साडेसात या बेताने मिसळली की एका ठिणगीचं काम. काठोकाठ भरलेल्या टाकीत हवेला जागाच नसते, रिकामीत भरपूर असते. मामांनी कॉक आणि गेजचा फ्लोट काढला, गरम पाणी आणि धुण्याच्या सोड्याने टाकी तीनदा खळबळून घेतली. मग खालची भोकं बंद करून, झाकण उघडं ठेवून, पोचा वर येईल अशी टेकवून आत जवळजवळ काठापर्यंत पाणी भरलं. बत्ती पेटली ती त्यानंतर. तुमचा कारागीर यातलं काही न करता बत्ती पेटवायला लागला तर टाकी उचलून घरी या. (गाडी बीएस-६, इंजेक्शनवाली असेल तर पेट्रोलचा पंपही टाकीतच असतो, तो आधी काढावा लागतो. तुमची कार्ब्युरेटरवाली, सुटलात.)

पुढचं काम बघण्यासारखं होतं. रंग खरवडून घडीच्या रेषेवर चार वायसर (वॉशर) डाग देऊन उभे जोडले. त्यात आकडा अडकवून, दांडीवर सरकणाऱ्या वजनाने ओढायचं आणि त्याच वेळी पोच्याभोवती वर आलेला पत्रा लहान हातोडीने टिचक्या मारल्यासारखा खाली बसवायचा. आधी घडीची टोकं, मग मधला भाग. मधूनच मामा हातावर फडकं घेऊन, डोळे मिटून तळवा फिरवायचे. नजरेला न दिसणारा उंचवटा तळव्याला कळतो.

मग वायसर काढून घासलं, आणि राहिलेल्या खळीपुरती लांबी, म्हणजे पुट्टी, भरली. तिचा थर दोन-तीन मिलिमीटरच्या वर नको, जाड थर पुढे तडकतो. न ओढता नुसती लांबी थापून देणारे खूप आहेत, म्हणून रंगाआधी एकदा जाऊन बघा. डाग दिलेल्या जागी बारीक भोक राहिलं तर? आत थोडं डिझेल घोळवून टाकी तोंड बंद करून, ती जागा खाली येईल अशी रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवा, तेलकट डाग पडला की समजलं. डिझेलमुळे गंजही चढत नाही.

रंग अख्ख्या टाकीला द्या, तुकड्याची शेड जुळत नाही. वरची लॅकर हार्डनरवाली हवी, साध्या रंगावर पंपावर सांडलेलं पेट्रोल झाकणाभोवती सुरकुत्या पाडतं. स्टिकर रेडियमवाल्याकडे मिळेल.

आणि टाकी परत बसवलीत की हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, टाकीच्या आणि त्याच्या मध्ये बोट जातं का. पुढचे शॉकअप धरणाऱ्या खालच्या टीवर हँडलला टाकीपासून अडवणारा स्टॉपर असतो, तो पडताना वाकतो. मी ते बघितलंच नव्हतं. नवा रंग चढून आठवडाही झाला नव्हता, पोवई नाक्यावर गाडी लावताना हँडल उजवीकडे दाबून लॉक करायला गेलो आणि त्याच जागी टक् झालं.